१४ देशांचं चलन एकच : कापूसवाल्याला फायद्याचं की तोट्याचं?

कपाशीवाला

राम राम मंडळी. प्रश्न जरा आडवा आहे.

जिनिंगवर गाडी खाली व्हायची वाट पाहत बसलो होतो, तिथं एका गाठींच्या दलालाशी गप्पा झाल्या. तो म्हणे, आपल्या गिरण्या पश्चिम आफ्रिकेचा कापूसही घेतात. बेनिन, माली, बुर्किना फासो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि डिसेंबरअखेरपर्यंत ते नव्हतंच, म्हणजे ऐन आपल्या वेचणीत. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मला नवीन होतं ते पुढचं. या देशांची नोटच एक आहे म्हणे, सीएफए फ्रँक. पश्चिमेकडचे ८ आणि मध्य आफ्रिकेतले ६, असे १४ देश. आणि ती नोट युरोला बांधलेली, १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक. रोज बदलत नाही.

आता मला सांगा, ज्या देशाचं स्वतःचं चलनच नाही तिथल्या कापूसवाल्याला हे फायद्याचं पडतं की तोट्याचं? रुपया घसरला की निर्यातवाले खूश होतात असं आपण ऐकतो. त्यांचा फ्रँक तर युरोसमोर घसरतच नाही. मग तो माल इकडे येऊन परवडतो कसा?

राजकारण नको. येणारच आहे, पण निदान पहिल्या पानावर नको.

बोंडअळी

पहिलं पान किती प्रतिसादांचं असतं? त्या हिशेबाने तयारी करतो.

घरची-अर्थमंत्री

कपाशीवाले भाऊ, बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे फळा दिसला की हात शिवशिवतात. थोडं सहन करा.

यावरचा मूळ विचार रॉबर्ट मुंडेल या कॅनडाच्या अर्थतज्ज्ञाचा, १९६१ सालचा. त्यांना नोबेल मिळालं १९९९ मध्ये आणि युरोही त्याच वर्षी हिशेबात आला. मुंडेलांचा प्रश्न साधा होता. एक चलन किती मोठ्या मुलखाला पुरतं? देशाची सीमा ही त्याची सीमा असलीच पाहिजे असं नाही. जिथं माणसं कामासाठी सहज इकडून तिकडे जाऊ शकतात, तिथं एक चलन चालून जातं. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली की सगळ्यांवर संकटं साधारण एका वेळी यावीत, आणि एकावर आलं तर दुसऱ्याच्या कराचा पैसा तिकडे वळावा.

आपणच पाहा ना. मेळघाट आणि मुंबई एकाच रुपयात राहतात. मेळघाटाने स्वतःचा रुपया स्वस्त करून तेंदूपत्ता विकायचा, अशी सोय नाही. मग काय होतं? पोरं चाकणला जातात, रोहयो असते, रेशन असतं, वित्त आयोग केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना देतो. हे सगळं आहे म्हणून एक रुपया निभतो. युरोवाल्यांनी नोट आधी एक केली, बाकीचं राहून गेलं.

काटोलची-संत्री

मी तर म्हणतो सार्क देशांचंही एक चलन करून टाका. आमची संत्री बांगलादेशात जातात. आमचा रुपया, त्यांचा टाका, मध्ये डॉलर. त्यात त्यांनी आयात शुल्क वाढवत वाढवत असं नेऊन ठेवलं की बगीचावाला झाडावरच माल सडू द्यायला तयार झाला. एक नोट असती तर ही कटकट गेली असती.

कपाशीवाला

संत्रीभाऊ, तुमचं दुखणं शुल्काचं आहे. औषध नोटेचं मागता?

आर्वीकर

मी मूळचा आर्वीचा, बरीच वर्षं जर्मनीत. कपाशीवाले बरोबर बोलले. इथं आधी आपसातलं शुल्क गेलं, मग १९९३ पासून एक बाजार झाला, मग १९९९ मध्ये ११ देशांनी युरो घेतला. नोटा-नाणी हातात आली १ जानेवारी २००२ ला. तोवर ग्रीस धरून १२ झाले होते. २०२३ मध्ये क्रोएशिया विसावा आणि २०२६ च्या जानेवारीत बल्गेरिया एकविसावा. डेन्मार्क आणि स्वीडन यांनी सार्वमतात नाही म्हटलं ते अजून नाहीतच, आणि त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

राहणाऱ्याला मजा आहे. क्रोएशियाला सुट्टीवर जायचं तर पूर्वी कुना घ्यावे लागत, परत येताना उरलेली चिल्लर खिशात. आता काहीच नाही. एक गंमत सांगतो. युरोच्या नोटांवर पूल छापलेत ते कुठल्याच देशातले नाहीत, मनाने काढलेले, म्हणजे कोणी रुसायला नको. मग नेदरलँड्समधल्या एका गावाने ते पूल खरोखरच बांधून काढले!

बोंडअळी

आमच्या गावचा पूल नोटेवर छापा. मंजूर आहे, कागदावर आहे, मनाने काढलेलाही आहे.

धुऱ्यावरून

ताई, तुमचं मुंडेलबुवा बराबर हाय, पन आमच्या भाषेत सांगतो. कालव्याचं गेट एकच असते. वरच्याचा गहू वाळून रायला, त्याले पानी पाह्यजे. खालच्याचा हरभरा घाटे भरून उभा हाय, त्याच्यात पानी शिरलं का मर लागलीच समजा. आता गेटवाल्यानं काय करावं? उघडलं तं एक मेला, नाई उघडलं तं दुसरा. यायचं व्याजदराचं असंच असन ना बावा? दर एक अन् वावरं वीस.

घरची-अर्थमंत्री

धुऱ्यावरून भाऊ, हे उद्या वर्गात वापरणार आहे. आणि अगदी असंच घडलं. २००३ ते २००५ मध्ये जर्मनी मंदावलेली होती, युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर २ टक्क्यांवर ठेवला गेला. त्याच काळात आयर्लंड आणि स्पेनमध्ये बांधकामाचा पूर आला होता. त्यांना दर चढा हवा होता. मिळाला स्वस्त पैसा. घरं बांधली, किमती फुगल्या आणि २००८ नंतर सगळं बसलं.

बोंडअळी

म्हणजे जर्मनीचं वावर गेटाजवळ अन् ग्रीस टेलला.

आर्वीकर

टेलला होता हे खरं, पण ग्रीसने पाणीपट्टीचा हिशेबही खोटा दिला होता, ते विसरू नका. सरकारची तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत असावी असा मास्ट्रिख्ट कराराचा, म्हणजे युरोचा पाया घालणाऱ्या कराराचा, नियम. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नवं सरकार आलं आणि म्हणालं, आधीचे आकडे चुकीचे होते. सगळं धरून त्या वर्षीची तूट १५ टक्क्यांच्या वर भरली. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंची पहिली मदत, पुढे आणखी दोन. मदत म्हणजे कर्ज बरं का, आणि अटी अशा की पगार कापा, पेन्शन कापा. ड्राख्मा हे स्वतःचं जुनं चलन असतं तर ते पडलं असतं, पर्यटक स्वस्तात आले असते, जैतुणाचं तेल खपलं असतं. ड्राख्मा नव्हता, म्हणून माणसांचे पगार पडले. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर होती.

नियमाचं म्हणाल तर ३ टक्क्यांची रेघ जर्मनी आणि फ्रान्सनेही ओलांडली होती. २००३ मध्ये त्यांच्यावरची कारवाई बाजूला ठेवली गेली. मोठ्याचं कोण काय करतं.

ऑफिसात एक ग्रीक सहकारी होता. २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरो. त्याचे म्हातारे आईवडील तिकडे. तो सांगायचा, ६० म्हणतात पण हाती ५० च येतात, कारण मशीनमधल्या २० च्या नोटा संपल्या.

खारपाणपट्टा

आम्ही २०१६ च्या नोव्हेंबरात तेच पाहिलं. दिवसाला २००० ची मर्यादा आणि मशीनमध्ये गुलाबी नोट एकच. ती घेऊन तालुक्यात फिरलो, सुट्टे कोणी देईना. शेवटी पेट्रोल पंपावर गाडीची टाकी भरली तेव्हा सुट्टे मिळाले. गाडी भावाची होती.

मास्तर-पैनगंगा

मंडळी, तुम्ही युरोपात पोचलात. मी उमरखेडच्या बाजूचा, मी नदीपलीकडे नेतो.

पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. आमच्याकडे चालायचा इंग्रजी कलदार, तिकडे निजामाचा हाली शिक्का. भाव ठरलेला : ६ कलदार म्हणजे ७ हाली. शंभर कलदाराला ११६ रुपये, १० आणे, ८ पै हाली. आमचे आजोबा बैलबाजाराला पलीकडे जात, तेव्हा सराफाकडे ही मोड करावी लागे आणि सराफ बट्टा कापून घेई. आजोबा पै-पैचा हा हिशेब तोंडी करत, तो ऐकूनच आम्ही त्रैराशिक शिकलो.

मौज अशी की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं. १८५३ ला इंग्रजांकडे कारभार गेला, १९०२ ला कायमचा पट्टा झाला, तरी मालकी निजामाची. मालक एक, नोट दुसऱ्याची. पुढे १९४८ ला हैदराबाद भारतात आलं, पण हाली शिक्का लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही चालले आणि १९५९ मध्ये तो पूर्ण बाद झाला.

आता संत्रीभाऊंच्या सार्क-नोटेबद्दल. असा प्रयोग न ठरवता होऊन गेलेला आहे. फाळणीनंतर सुरुवातीला पाकिस्तानात आपल्याच नोटा चालल्या, वर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ छापून. त्यांची मध्यवर्ती बँक म्हणून १९४८ च्या जूनपर्यंत आपली रिझर्व्ह बँकच काम पाहत होती. दुसरा दाखला आखाताचा. कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथं भारतीय रुपया चालायचा. सोन्याच्या तस्करीपायी आपलं परकीय चलन जाऊ लागलं, म्हणून १९५९ पासून त्यांच्यासाठी वेगळा ‘आखाती रुपया’ काढला. कुवेत १९६१ मध्येच बाहेर पडला. मग ६ जून १९६६ ला दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलरला ४.७६ चे ७.५० झाले. दुबईतल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातला पैसा एका रात्रीत उतरला, आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. राहिलेले देशही मग भराभर रुपया सोडून गेले.

काटोलची-संत्री

मास्तर, पण भूतानचं नगुल्ट्रम आजही रुपयाच्या बरोबरीने आहे, तिथं आपली नोट चालते. नेपाळचाही भाव १९९३ पासून १.६० वर बांधलेला. त्यांचं चाललंय ना व्यवस्थित?

मास्तर-पैनगंगा

चाललंय. आपण व्याजदर वाढवला की त्यांना त्याच रस्त्याने जावं लागतं, एवढंच. ढाका आणि कराची मुंबईतल्या मिंट रोडचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं, ऐकतील का, हे तुम्हीच सांगा.

वणीचा-वाघ

हे सगळं ठीक, पण विदर्भाचा ग्रीस कोणी केला? अनुशेष कोणी खाल्ला? कोळसा आमचा, वीज मुंबईची. १९५३ चा नागपूर करार काढून वाचा एकदा.

बोंडअळी

आलं. पहिल्या पानावरच आलं.

संपादक

वेगळ्या विदर्भाबद्दलचे या खालचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.

वणीचा-वाघ

चला, धागा तरी वेगळा मिळाला.

घरची-अर्थमंत्री

वाघसाहेबांचा राग बाजूला ठेवला तरी मुद्दा धाग्यातलाच आहे. विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ १९९४ ला आलं, २०२० च्या एप्रिलअखेर मुदत संपली. त्यातून कमी मिळालं यावर भांडता येतं, कारण मागायला दार आहे. ग्रीसच्या माणसाला तसं दारच नव्हतं. युरोपीय संघाचं सामाईक अंदाजपत्रक सगळ्यांच्या उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का. कोविडनंतर २०२० मध्ये ७५० अब्ज युरोंचं सामाईक कर्ज काढायचं ठरलं, ते मोठं पाऊल होतं. पण त्यासाठी आधी महामारी यावी लागली.

आर्वीकर

ताई, इथं थोडा विरोध. त्या १ टक्क्यातला साधारण तिसरा हिस्सा शेतीवर जातो. युरोपातल्या शेतकऱ्याच्या खात्यात दर हेक्टरी थेट पैसे येतात, ग्रीसच्याही. बाकी कशात नसेल, पण शेतीपुरती तिजोरी एक आहे. ग्रीसही कापूस पिकवतो बरं का, युरोपातला सर्वात मोठा उत्पादक तोच, आणि त्या कापसाला वेगळं अनुदान आहे.

कपाशीवाला

कापूस शब्द ऐकून बरं वाटलं. माझा बेनिनवाला कुठं हरवला?

जिनिंग-फिटर

आलो. धागा उशिरा पाहिला. जिनिंगच्या मशीन बसवायच्या कामाने मी बेनिनला आणि चाडला राहिलोय.

पहिलं म्हणजे १४ देशांची नोट एक नाही, दोन आहेत. पश्चिमेकडची डाकारच्या बँकेची, मध्यवाल्यांची याउंदेच्या बँकेची. दोन्हींचा युरोशी भाव अगदी तोच, पण बेनिनमधून उरलेल्या नोटा घेऊन चाडला उतरलो तर दुकानदाराने उलटून-पालटून पाहिल्या आणि परत दिल्या. शेवटी एका मारवाड्यासारख्या चेहऱ्याच्या लेबनानी व्यापाऱ्याने बट्टा कापून घेतल्या. मास्तर, तुमच्या सराफाची आठवण काढायला हवी होती.

दुसरं, भाव. तिकडे लिलाव नाही, अडत्या नाही. हंगामाआधी किलोचा भाव जाहीर होतो, बियाणं-खत-औषध उधारीवर मिळतं आणि मालाच्या पैशातून कापून घेतात. गावाबाहेर मोकळ्या जागेत कापसाचा पांढरा ढीग लागतो, लाकडी चौकटीच्या काट्यावर गाठोडी टांगून मोजतात, मग ट्रक येतो. अलीकडे बेनिनमध्ये भाव किलोला ३०० फ्रँकच्या आसपास होता. युरो ९० ते १०० रुपये धरा : ४१ ते ४६ रुपये किलो. क्विंटलला साडेचार हजारांच्या घरात. आपला २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११०. कपाशीवाले भाऊ, तो माल इकडे परवडतो कसा, हे विचारत होता ना?

धुऱ्यावरून

साडेचार हजार? बाप्पा! त्याहीत उधारी कापून? आपन रडतो हमीभावाले, त्यायले कोनाजवळ रडावं?

घरची-अर्थमंत्री

आणि फ्रँक युरोला बांधल्यामुळे त्याला जास्त मिळतं असं नाही, कमीच मिळतं. कापसाचा जागतिक भाव डॉलरमध्ये. २००२ च्या सुरुवातीला युरोचा भाव ९० अमेरिकी सेंटच्या आत होता, २००८ च्या मध्यावर १ डॉलर ६० सेंटच्या जवळ. तेवढाच डॉलर घरी आणला तर हाती फ्रँक निम्म्याच्या आसपास. मालीतल्या कापूसवाल्याच्या नोटेचा भाव ठरला फ्रँकफुर्टच्या, म्हणजे युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या, हवामानावर! आपला रुपया २०१० च्या सुमारास डॉलरला ४५, आणि २०२५ च्या डिसेंबरात ९० च्या पार. आपल्याला घसरणीची गादी मिळाली, त्यांना नाही. (गादी डिझेल आणि खताच्या भावात परत काढून घेतात, ते वेगळं.)

उलट अनुभवही आहे. १९९४ च्या जानेवारीत डाकारला बैठक झाली आणि फ्रँक एकदम निम्म्यावर आणला. तेव्हा युरो नव्हता, त्यांची नोट फ्रान्सच्या फ्रँकला बांधलेली. आधी ५० ला एक फ्रेंच फ्रँक मिळे, नंतर १०० ला. शहरात बाहेरून येणारा तांदूळ आणि औषधं महाग झाली, लोक हवालदिल. पण कापसाचं उत्पादन पुढच्या काही वर्षांत चांगलंच वाढलं. रेटा होता फ्रान्स आणि नाणेनिधीचा. दुबईच्या व्यापाऱ्यासारखंच इथंही शेतकऱ्याला विचारायला कोणी गेलं नाही.

आर्वीकर

मग सोडत का नाहीत? गिनीने १९६० मध्ये सोडला होता ना.

जिनिंग-फिटर

मालीनेही १९६२ ला सोडला होता, १९८४ ला परत आले. आता तिथं, बुर्किनात आणि नायजरमध्ये लष्करी राजवटी आहेत, फ्रेंच सैनिकांना घालवून दिलं, २०२५ च्या जानेवारीत इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतूनही बाहेर पडले. फ्रँक मात्र अजून खिशात. कारण शेजारी दिसतात. घानाचं स्वतःचं चलन आहे, २०२२ च्या डिसेंबरात महागाई ५४ टक्के. नायजेरियाचा नायरा २०२३ च्या मध्यावर डॉलरला ४७० च्या आसपास होता, वर्षभरात १५०० झाला. बेनिनच्या सीमेवरच्या बाजारात नायजेरियाचे लोक फ्रँक मागतात, नायरा कोणी घेत नाही. इकोवासची ‘इको’ नावाची नवी नोट आणायचं चाललंय, तारीख पुढे सरकत सरकत २०२७ वर आली आहे.

काटोलची-संत्री

म्हणजे घसरू दिली तर महागाई, बांधून ठेवली तर निर्यात मेली. शेतकऱ्याने करायचं काय?

कपाशीवाला

मला तरी उत्तर मिळालं. त्यांचा माल स्वस्त पडतो त्यात नोटेचा हात नाही, उलट नोट त्याला महागच करते. स्वस्त पडतो तो त्या माणसाला कमी देऊन. दलालाला फोन करून ऐकवणार आहे.

धुऱ्यावरून

फिटरभाऊ, एक सांगा. तिकडं चुकारा कवा भेटते? अन् भाव नाई पटला तं मानूस काय करते? अडत्या नाई, बाजार नाई, जाईन कुठं?

जिनिंग-फिटर

चुकारा थकतो, हे तिकडेही आहे. भावाचं म्हणाल तर मालीचं २०२० चं ऐका. सरकारने भाव कमी लावला, खताचं अनुदान काढलं. शेतकऱ्यांनी आंदोलन वगैरे फार केलं नाही, कापूस पेरलाच नाही. उत्पादन साधारण ७ लाख टनांवरून दीड लाखाच्या आत आलं. पुढच्या हंगामात भाव वाढवला, अनुदान परत आणलं.

धुऱ्यावरून

असं हाय तं मंग. आपन पेरा बंद करून काय पेराव? सोयाबीन?

बोंडअळी

सोयाबीनचा धागा वेगळा आहे. तिथं रडणाऱ्यांची रांग मोठी आहे, नंबर लावून ठेवा.